बचतकाका

प्रत्येक घराण्यात एक बचतकाका असतोच. बहुधा बँकेतून निवृत्त झालेला. नसला, तर हा बँकेतच असायला हवा होता असं सगळ्यांना वाटत असतं. मुंजीत तो बटूला बॅट देत नाही. पोस्टाचा फॉर्म देतो, तोही भरून. आईबापांनी सही करायच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. पुतणी जन्मली की बाकीची मंडळी नाक कोणावर गेलंय ते बघतात, काका सुकन्या समृद्धीचा विषय काढतो. "दहा वर्षांच्या आत खातं काढायचं असतं हं," हे तो बारशाच्या घुगऱ्या खाताना बजावतो. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 साली दिली. तेव्हापासून आमच्याकडे दहाव्या वाढदिवसाला आधी बँक, मग केक. मशीन पासबुक दोनदा परत ढकलतं, तिसऱ्यांदा करकरत छापतं, आणि ती एकुलती एक ओळ काका पोराकडून मोठ्याने वाचून घेतो.

त्याचं पंचांगही वेगळं. एकादशी-चतुर्थी काकूकडे, त्याच्याकडे पाच आणि दहा तारीख. पीपीएफमध्ये पाच तारीख उलटून पैसे भरले, की त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडालं. पोस्टाच्या बचत खात्यात हीच मुदत दहाची. चार तारखेला रात्री भावाला फोन येतो, "भरलेस का?" 1988 साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे, 2023 पासून त्याच दुपटीला 115 महिने लागतात. हे सांगताना त्याचा आवाज जुन्या नाट्यसंगीतावर बोलणाऱ्यांसारखा घोगरा होतो.

पण पोरांना तो मनापासून आवडतो. पैशाची गोष्ट निघाली की घरातली बाकीची मोठी माणसं आवाज खाली आणतात, नाहीतर "जा रे, बाहेर खेळ" म्हणतात. काका एकटाच त्यांना जवळ बसवून पगार म्हणजे काय, कर्ज म्हणजे काय, हप्ता चुकला तर काय, हे सगळं बेधडक सांगतो. व्याजदराने 72 ला भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं निघतात, हे आमच्या पोरांना सोळाच्या पाढ्याआधी येतं. दुकानात तो रोखच देतो. नोट हातातून जाताना थोडं दुखलं पाहिजे, क्यूआर कोडला दुखत नाही, असं त्याचं म्हणणं. ते मला पटतंही. फक्त खर्च कसा करावा, हा धडा त्याच्याकडे नाही.

तेच परवा कुल्फीच्या गाडीपाशी उघड झालं. पुतणीने मटका कुल्फी मागितली. चाळीस रुपये. "ही चाळीसची नाही," काका म्हणाला, "पीपीएफच्या 7.1 टक्क्यांनी पंधरा वर्षांनी याचे एकशे बारा होतात. एकशे बारा रुपयांची कुल्फी खाणार तू?" वर नेहमीची पुस्ती जोडली, "1970 साली आम्ही चार आण्यांत खायचो."

पोरगी बोटांवर मोजायला लागली. चार आणे, आठ आणे, एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. "सात वेळा दुप्पट, काका. पंचावन्न वर्षांत. म्हणजे साधारण आठ वर्षांत एकदा. 72 भागिले आठ..."

"नऊ," काका सवयीने बोलून गेला.

"मग कुल्फी नऊ टक्क्यांनी वाढली आणि पीपीएफ सात. तुम्ही 1970 सालीच जास्त खायला हवी होती."

गाडीवाला हसला. काकाने खिशातून डायरी काढली, आकडेमोड पुन्हा करून पाहिली, दोनदा. मग बराच वेळ पाकीट चाचपून एक कुल्फी घेतली आणि चमचे तीन मागितले.