विष्णुपुरीचे वाहते पाणी व नांदेड शहर : छायाचित्रणात वेळ साधण्याची पद्धत

वाहत्या पाण्याच्या छायाचित्रणासाठी प्रथम पाणी वाहते असावे लागते. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे ही अट पाटबंधारे खाते पूर्ण करते. गोदावरीवरचा हा प्रकल्प पाणी अडवून, उपसून कालव्यात टाकण्यासाठी बांधला आहे. छायाचित्रकारांचा विचार आराखड्यात झालेला नाही, हे मनाला लावून घेऊ नये.

दारे उघडण्याचा योग वरून येतो. पैठणचे जायकवाडी, सिंदफणेवरचे माजलगाव, पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे भरून पाणी सुटले की ते विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयाकडे निघते. पैठणचे पाणी पोचायला काही दिवस लागतात. तेवढ्यात बॅटरी चार्ज करावी, मेमरी कार्डातले मेहुण्याचे लग्न संगणकावर उतरवावे आणि रजेचा अर्ज टाकावा. अर्जात कारण ‘घरगुती’ लिहावे. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. आकडा लाखावर गेला की फोटो उत्तम येतो आणि काठावरचे सोयाबीन पाण्याखाली जाते. अशा दिवशी ‘काय सीन आहे!’ हे उद्गार मनातच ठेवावेत.

आता शटर. पाच मीटरवरून पडणारे पाणी तळाशी सेकंदाला साधारण दहा मीटर वेग घेते. 1/1000 सेकंदात ते एक सेंटिमीटर सरकते, म्हणून थेंब न् थेंब सुटा दिसतो. 1/30 ला तेच पाणी फूटभर सरकते. हा फोटो ना धड गोठलेला ना धड वाहता, आणि बहुतेकांचा असाच येतो. दोन सेकंद शटर उघडे ठेवल्यास पाणी मऊ, सलग दिसते. त्यासाठी ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ/11 ते एफ/16 छिद्र आणि दिवसाउजेडी प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लागतो. परदेशी पुस्तकांत असे पाणी दुधासारखे होते. ऑगस्टमधल्या गोदावरीची बासुंदी होते. रंग दुरुस्त करून ती निळी करू नये, नांदेडकर ओळखतात.

ट्रायपॉड लावलेला मनुष्य सरकारी समजला जातो. ‘सायेब, कितीक दारं उघडलेत?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत करून घ्यावे. ‘काय करायलाव इथं?’ असे विचारणाऱ्याला एनडी फिल्टर समजावत बसू नये. दोन सेकंदांतल्या दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी सेल्फीसाठी पुढ्यात येतोच. तो धूसर, पारदर्शक उमटतो. त्याच्याशी भांडू नये, त्याला आकारमानाचा अंदाज देणारा घटक मानावे.

शहरातील दृश्यांत वेळ याहून कमी मिळतो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ याने 1932 मध्ये पॅरिसच्या एका स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टाच टेकण्याआधी टिपला. पावसाळी नांदेडात डबक्यांची वानवा नाही; वजिराबादेत एका जागी उभे राहिले की उडी मारणारे ओळीने येतात. अडचण एवढीच, की नेमक्या क्षणी मध्ये ऑटो उभा राहतो. ऑटो हलण्याची वाट पाहू नये, जागा बदलावी. दसऱ्याच्या दिवशी शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीत घोडे धावत येतात, तेव्हा 1/60 ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवावा : घोडा स्पष्ट, गर्दी ओघळलेली. मात्र वाटेत उभे राहू नये, घोडा शटर पाहून थांबत नाही. गोवर्धन घाटाच्या पुलावर दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, आकाश निळे असताना, दहा-पंधरा सेकंदांचे शटर ठेवावे. एक ट्रक अप्पर मारून गेला की पुन्हा पहिल्यापासून.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये आणि भोंगा वाजल्यावर पात्रात थांबू नये. वाहून गेलेल्या ट्रायपॉडचा पंचनामा होत नाही. दारे उघडण्याचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. मे महिन्यात येणाऱ्याने दारांचेच फोटो काढावेत. ती तेव्हा अजिबात हलत नाहीत, कोणतेही शटर चालते.