सिनॉडला निघालेल्या नव्या सभासदासाठी

अभिनंदन. धर्मप्रांताच्या कौन्सिलमध्ये कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि जेवणाची वेळ टळून गेलेली असल्यामुळे विरोध कुणीच केला नाही. आता तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनॉडचे, म्हणजे सर्वोच्च सभेचे, सभासद आहात. वर्ध्याच्या मंडळीत पहिला प्रश्न येईल, ‘तिकडं काय मिळते बाप्पा?’ फोल्डर मिळतं, असं खरं खरं सांगा.

तयारीची सुरुवात गोरस भांडारापासून करा. तिथली गोरसपाक बिस्किटं भरपूर घ्या. ओळख करून देताना तुम्ही ‘वर्धा’ म्हणालात की समोरचा ‘गांधीजी’ म्हणतो आणि गप्प होतो; तिथून पुढचं संभाषण गोरसपाकच्या भरवशावर. जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे हे मात्र स्वतःहून सांगू नका. कुणीतरी प्रभूभोजनातल्या द्राक्षारसाचं विचारतोच, आणि तो विनोद त्याला नवा वाटतो. गाडी वर्धा स्टेशनवरून आहे की सेवाग्रामवरून, तेही तिकिटावर वाचून ठेवा.

इतिहासात आपली बाजू भक्कम आहे. हे चर्च जन्मलं नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (आपल्या भागातले जुने स्कॉटिश मिशनवाले यातच आले), बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा जण एक झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या घडीला बाहेर राहिले. बोलणी सुरू झाली होती 1929 साली. म्हणजे 41 वर्षं! त्यामुळे तुमचा विषय ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून बाजूला पडला तर तोंड पाडून बसू नका. या घराण्याच्या मानाने ती घाईच आहे.

सहाही जणांचं ‘आमच्यात असं असतं’ अजून ठणठणीत आहे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा चालतो, आणि मोठेपणी विश्वासाची कबुली देऊन घेतलेलाही चालतो. तशी सोय मुळातच करून ठेवली आहे. ‘आमच्या वर्ध्यात असं नसतं’ हे वाक्य ओठांवर आलंच तर चहा प्या. चहा सतत असतो.

सभागृहात शक्यतो खांबाआड बसू नका. तिथे जुनेजाणते बसतात आणि त्या जागा ठरलेल्या आहेत. ‘बिशपसाहेब’ अशी मोघम हाक मारू नका. आपल्याकडे एकच असतात, तिथे पंचवीसच्या वर माना वळतील. सिनॉडचे प्रमुख म्हणजे मॉडरेटर, तेही बिशपच. ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ हे शब्द पाठ करा, पण वापरू नका. आभाराच्या ठरावाला अनुमोदन द्यायला मात्र बिनधास्त उठा. कार्यवृत्तात नाव येतं आणि शत्रू एकही होत नाही.

आता फोल्डर. त्यात सगळ्यात जाड आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग हिशेबाचा आणि मालमत्तेचा. भक्तिपर मनन सगळे वाचतात, कारण ते दोन पानांचं असतं. तुम्ही उलटं करा. मिशनच्या काळात गावाबाहेर घेतलेले कम्पाउंड आज शहराच्या ऐन मध्यात आलेत, आणि त्यांची कागदपत्रं वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर आहेत. एकीकरणाचा ठराव झाला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप बदलत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 च्या निकालात नेमकं हेच पुढे आलं. प्रार्थना एकत्र झाली, जमीन राहिली जुन्या ट्रस्टकडे.

इथे वर्धेकराला एक पूर्वज उपलब्ध आहे. मगनवाडीतले जे. सी. कुमारप्पा, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सचिव. तमिळ ख्रिस्ती घरातला, लंडनमध्ये हिशेबनिशी शिकलेला माणूस. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी तुरुंगात पुस्तक लिहिलं, ते जरूर वाचावं. पण सिनॉडमध्ये कामाला येते ती त्यांची दुसरी विद्या. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांनी सांभाळले होते. तेव्हा भक्ती आणि ताळेबंद यांचं वैर आहे असं कुणी सुचवलं तर त्याला मगनवाडीचा पत्ता द्या.

प्रश्न तीनच लिहून न्या. ही जागा कुणाच्या नावावर? भाडेपट्टा कधी संपतो? भाडं शेवटचं कधी वाढवलं? विचारताना आवाज गरीब ठेवा, ‘मी नवीन आहे, समजून घ्यायचं होतं’ अशी सुरुवात करा. ही सवलत पहिल्याच खेपेला मिळते, नंतर तेच प्रश्न विचारले की तुम्ही कुठल्या तरी गटात मोजले जाता. वेळ सकाळची निवडा. जेवणाच्या तोंडावर विचारलेल्या प्रश्नाला ‘लेखी उत्तर देऊ’ एवढंच उत्तर असतं.

परत आल्यावर पाळक तुम्हाला उपासनेनंतर पाच मिनिटं देतील. साक्ष, एकता, सेवा वगैरे सांगून व्हायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येईल, ‘मंग, आपल्या कम्पाउंडच्या भिंतीचं काय झालं?’ उपसमिती नेमली आहे, असं सांगा. तिचे निमंत्रक तुम्हीच आहात हे कार्यवृत्त पोस्टाने आल्यावर कळेल.