पॅकेजमधले दात

लग्नसराई जवळ आली की आपल्याकडे दात पिवळे पडू लागतात. एरवी वर्षभर टपरीवरच्या चहात बुचकळून ते बिनतक्रार काम करत असतात. पण प्री-वेडिंग शूटची तारीख ठरते, घरातल्या कुणाला तरी साक्षात्कार होतो आणि मग नवरदेवापासून वरमाईपर्यंत सगळे आरशासमोर दात विचकून उभे राहतात.

दात पांढरे कुठे करून घ्यावेत, याचे निकष आता जवळजवळ सर्वमान्य आहेत. एसी हवा, सोफा पांढरा हवा, गाडी लावायला जागा हवी आणि मेंदी-फेशियलच्या पॅकेजात दात फुकट हवेत. आंब्याची पेटी घेताना खालच्या थरापर्यंत हात घालून देवगड की कर्नाटक याची उलटतपासणी घेणारा आपला माणूस, इथे मात्र डोळे मिटून आ करतो.

मी एका पार्लरात चौकशी केली. ‘‘जेल किती टक्क्यांचं आहे?’’

‘‘वीस टक्के ऑफ आहे, काका.’’

‘‘तसं नव्हे. त्यात पेरॉक्साइड किती?’’

‘‘सगळं हर्बल आहे.’’

‘‘करणार कोण?’’

‘‘तुम्हीच! ट्रे तुम्ही स्वतः तोंडात घालायचा. आम्ही हातच लावत नाही, फक्त निळा लाइट लावतो.’’

या शेवटच्या उत्तराला मी मनोमन दंडवत घातला. असा कायदेपंडित काउंटरवर कसा काय राहिला?

हे टक्के विचारायचे, कारण जेलात असतं हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते सोडणारं कार्बामाइड पेरॉक्साइड. घरी ट्रेमधून लावायला दंतवैद्य देतात ते बहुधा १० टक्के कार्बामाइडचं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यात खुर्चीवर बसवून लावतात ते ३५-४० टक्क्यांपर्यंत जातं. ते हिरडीला लागलं तर हिरडी पोळून पांढरीफटक पडते (पॅकेजात पांढरं काय होणार, हे कुठे लिहिलेलं असतं?). म्हणून डॉक्टर आधी हिरडीवर संरक्षक लेप चढवतात. त्याच्याही आधी कीड शोधतात, कारण किडलेल्या दातातून हे रसायन आत पोचलं की ठणका थेट मस्तकात. कॅप आणि सिमेंट भरलेले दात मात्र कशालाच दाद देत नाहीत. शेजारी उजळले की तेच उठून दिसतात. गंमत म्हणजे चेहऱ्याच्या ब्लीचसाठी हेच पार्लर कानामागे थोडंसं लावून बघतं. दाताला कानामागची जागा नसल्यामुळे त्याला सरळ बोहल्यावर चढवतात.

ब्रिटनमध्ये दात पांढरे करण्याचं काम नोंदणीकृत दंतव्यावसायिकांचंच, असं तिथल्या हायकोर्टाने २०१३ साली सांगून टाकलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर तिथे साधारणपणे हे जेल लावताच येत नाही. अमेरिकेत वेगळाच तमाशा झाला. नॉर्थ कॅरोलिनात डेंटल बोर्डाने पार्लरवाल्यांना ‘धंदा बंद करा’ अशी पत्रं धाडली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ साली बोर्डच हरलं. पार्लर सुरक्षित आहे की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता. बोर्डावर बहुतेक धंदा करणारे दंतवैद्यच आणि वर सरकारची देखरेख नाही, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना हाकलताना स्पर्धा कायद्यातून सूट मिळणार नाही, एवढाच मुद्दा होता. म्हणजे पांढरा कोट दिसला की लगेच नमस्कार घालायचं कारण नाही.

त्या कोटवाल्याच्या भिंतीवर बघावं. गणपती आणि सेलिब्रिटीबरोबरचा फोटो यांच्या मधे कुठेतरी बीडीएसची पदवी आणि महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक टांगलेला असतो. नोंदणीशिवाय दंतचिकित्सेचा धंदा करता येत नाही, हे आपल्याकडे १९४८च्या कायद्यापासूनच आहे. पण तो क्रमांक वाचायला चष्मा लावावा लागतो, आणि रिव्ह्यूमधले तारे चष्म्याशिवाय दिसतात.

शिवाय चांगला डॉक्टर आपल्याला मुळात आवडतच नाही. चहाचे, तंबाखूचे, मशेरीचे डाग पुष्कळदा वरवरचे असतात. ‘‘क्लीनिंग करा, बाकी लागलं तर नंतर बघू,’’ असं तो म्हणतो आणि आपण ‘याला लेटेस्ट काही येत नाही’ म्हणत जिना उतरतो. पार्लरात निदान ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो तरी मिळतात. तासभर आ करून कोरडा पडलेला दात तसाही जास्त पांढरा दिसतो. ओल परतली की एक-दोन दिवसांत तो थोडा उतरतो. तोवर स्टेटस ठेवून झालेलं असतं.

या सगळ्यानंतर पथ्य येतं. दोन दिवस रंग लागेल असं काही खाऊ-पिऊ नका, असं सांगतात. चहा नको, कॉफी नको, बीट नको, हळद नको. आमच्या नात्यातल्या एका नवरदेवाने दात केले ते नेमके हळदीच्या आदल्या दिवशी. अंगाला हळद चालली, पोटाला चालेना. वरण गेलं, मसालेभात गेला, अळूची भाजी गेली, केशराच्या संशयावरून जिलबीही गेली. पानात उरला पांढरा भात, दही आणि मीठ. वधूची आजी आग्रह करायला आली, पान बघून थबकली आणि हळूच वरमाईला म्हणाली, ‘‘पोट बिघडलंय का हो जावईबापूंचं? आधी सांगितलं असतंत तर मऊ खिचडी टाकली असती.’’