सहाच्या पाढ्यातले नाना

सकाळी आठच्या सुमाराला गॅलरीत बसलेल्या नानांना 'काय नाना, बरं आहे ना?' असं विचारू नये. 'एकोणीस,' असं उत्तर येतं. आपण तसेच पुढे गेलो तर मागून 'वीस' ऐकू येतं. पण चुकून थांबलो, 'म्हणजे?' असं विचारलं, की नाना चष्म्यावरून असं बघतात, जसं काही आपण व्हाउचरशिवाय रोकड उचलली आहे. मग सुई बाजूला ठेवून दोऱ्याचं टोक ओढतात आणि भर्रकन सगळं उसवून टाकतात. 'अख्खी फेरी गेली तुमच्यामुळे.'

नाना क्रोशाने अळ्या विणतात.

हे वाक्य मी पहिल्यांदा आमच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. म्हणून जरा मागे जातो.

नाना सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांत हिरव्या खुणा करण्यात गेला. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं त्यांनी घर तपासलं. दूधवाल्याचे खाडे, इस्त्रीवाल्याचे नग, काकूंच्या डब्यातली साखर. काकूंनीच मग सोसायटीत चार ठिकाणी शब्द टाकून त्यांना खजिनदार करवलं, असं आमच्या इमारतीत दबक्या आवाजात बोललं जातं. पण आमची सोसायटी अवघ्या चोवीस बिऱ्हाडांची. नानांच्या भुकेला ती कितीशी पुरणार?

अशात मे महिन्यात नातू आला. सातवीतला पोरगा, हात एका जागी ठरत नाहीत. २०१७ साली बोटांवर गरगर फिरणाऱ्या त्या स्पिनरची साथ आली होती आणि कित्येक शाळांना त्यावर बंदी घालावी लागली होती, ते आठवत असेल. नंतर बोटाने टचाटच दाबायच्या रबरी फुगवट्यांची लाट आली. चाळवाचाळव करायच्या या खेळण्यांना फिजेट टॉय म्हणतात. नातवाने आजोबांना फोनवर त्यातलंच एक मऊ प्रकरण दाखवलं. लोकरीची, वळ्यावळ्यांची अळी. इंग्रजीत तिला 'वरी वर्म' म्हणतात. जिवाला घोर लागला की ही मुठीत धरून चाळवत बसायचं. किंमत दोनशे रुपये.

'अळीला दोनशे?' नाना म्हणाले. 'मंडईतल्या वांग्यात फुकट मिळते.'

काकूंनी मालिका बघता बघता, हाताकडे न पाहता, पाऊण जाहिरातीत तशी अळी विणून नातवाच्या हातात ठेवली. काकूंचा हात चाळीस वर्षांचा आहे. टीव्हीवरचा रुमाल, फोनचं झाकण, फ्रीजच्या मुठीचा मोजा, दाराचं तोरण, ताटाभोवतीची लोकरीची रांगोळी, तीन भाच्यांची रुखवतं आणि किती बाळंतविडे, ते त्यांनाही माहीत नाही. प्रकरण तिथेच संपायचं. पण नानांनी अळी उजेडात धरली.

'यात खांब किती?'

'पुरेसे,' काकू म्हणाल्या.

'पुरेसे' हा आकडा नानांनी अख्ख्या नोकरीत एकदाही मंजूर केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते तुळशीबागेतून स्वतःसाठी वेगळी सुई घेऊन आले. अडीच मिलिमीटरची. पावती वहीला डकवली.

क्रोशाची भाषा त्यांना आपलीशी वाटायला वेळ लागला नाही. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. बांधकाम खात्याचं ऑडिट केलेल्या माणसाला खांब परके नाहीत. घोळ फक्त मुक्यांचा झाला. नाना मोठ्याने मोजतात आणि मोजताना नावाचा पहिला शब्दच घेतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींना वरच्या गॅलरीतून 'आता प्रत्येकीत दोन-दोन मुके!' असं ऐकू यायचं. वॉचमनने वर बघणंच सोडून दिलं.

त्यांनी आधी चेंडू घेतला. ताण आला की दाबायचा तो. लोकरीची भरीव खेळणी विणण्याच्या या कलेला जपानी नाव आहे, अमिगुरुमी. 'आमि' म्हणजे विणणं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे भरलेली बाहुली, यांची ती जोडी. नानांनी हे जेवताना सांगितलं. काकू म्हणाल्या, 'हो, तुम्हीच गुरू.'

चेंडूचं गणित पाहून मात्र नाना खुलले. दोऱ्याच्या एका फासात सहा मुके खांब घालायचे, फास आवळायचा. पुढच्या फेरीत प्रत्येकावर दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. हा तर सहाचा पाढा! मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच. म्हणून फेरीगणिक त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पट असल्यामुळे दर फेरीला साधारण सहा टाके वाढवले की चकती सपाट बसते. मग काही फेऱ्या न वाढवता विणायच्या आणि नंतर त्याच हिशेबाने कमी करत जायचं, की गोळा झाला. नानांना हे पटलं, पण पुरतं नाही. दोन गुणिले पाय म्हणजे ६.२८. सहा घेतले. 'वरचे शून्य पूर्णांक अठ्ठावीस कुठे गेले?' त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं. मी म्हटलं, लोकर ताणली जाते, तिच्यात जिरत असतील. 'जिरले,' नाना म्हणाले. 'सगळीकडे असेच जिरतात.'

छत्तीसच्या फेरीपाशी काकूंनी डोकावून पाहिलं आणि चकतीला घातलेली झालर आपल्याला आवडली असं सांगितलं. झालर घातलेली नव्हती. नाना अठराच्या फेरीपासून दुप्पट वाढवत गेले होते आणि जास्तीचे टाके कडेला लाटा घेऊन उभे राहिले होते. मी त्यांची समजूत काढायला गेलो. लाटव्हियाच्या डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हेच मुद्दाम केलं होतं. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत त्यांनी हायपरबोलिक पृष्ठभाग विणला, कागदावर जो काही केल्या नीट उतरत नाही तो विद्यार्थ्यांच्या हातात दिला. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'त्यांनी आधी ठरवलं होतं,' ते म्हणाले, 'मी ठरवलं नव्हतं. म्हणजे ही अनियमितताच.' आणि उसवलं. त्या दिवशी काकूंचं आणि त्यांचं जे बिनसलं, ते छत्तीसाच्या आकड्यावरूनच.

अळीत मात्र नानांना कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही. तीस साखळ्या घालायच्या आणि परत येताना एकेका साखळीत तीन-तीन खांब कोंबायचे. एका कडेला तीस, दुसऱ्या कडेला नव्वद. तीस माणसांच्या डब्यात नव्वद शिरली की जे होतं तेच इथे होतं. सरळ उभं राहता येत नाही, मग सगळे एकमेकांच्या अंगावरून वळतात. पट्टी आपोआप पीळ खाते, कुणी मुद्दाम वळायला नको. त्यावर चेंडूचंच धाकटं भावंड डोकं म्हणून शिवायचं. डोक्यात उशीचा कापूस नाही, धुतल्यावर त्याचे गोळे होतात; पॉलिएस्टरचा, तोही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. लहान मुलं डोळे उपटून तोंडात घालतात म्हणून मणी लावायचे नाहीत, काळ्या दोऱ्याने दोन टाके. नानांचा हिशेब असा: लोकर बारा ग्रॅम, खर्च रुपये सात, मजुरी निरंक.

नातू अळी घेऊन गेला. सुई मात्र थांबेना. रोज एक अळी पडू लागली आणि नानांनी ती मंडळींना लिहून द्यायला सुरुवात केली. 'लिहून द्यायला' म्हणतो कारण ते वैद्यासारखं निदान करतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सीएच्या परीक्षेला बसली होती, नखं कुरतडायची, तिला पिवळी. तळमजल्यावरचे गृहस्थ बोलताना बॉलपेनची टिकटिक करतात. त्यांना निळी, आणि पेन जप्त. मी बसल्या जागी पाय हलवतो. पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं आजीने शंभरदा सांगून झालं होतं, आणि माझं बँकेचं पासबुक तिच्या बाजूने साक्ष देतं. मला तपकिरी अळी मिळाली. 'पायाला नाही, हाताला,' नानांनी बजावलं. 'हाताला काम असलं की पाय गप्प बसतो.'

खोटं कशाला बोलू, बसला. अशा खेळण्यांनी लक्ष लागतं की उडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण वळ्यांमध्ये अंगठा घालून एकेक वळी सुटी करत जायचं आणि सोडली की ती पुन्हा गुपचूप जागेवर येते, यात काहीतरी आहे. आमच्या आजोबांकडे अडकित्ता होता; सुपारी खायचे चिमूटभर, कातरायचे मात्र दिवसभर. आजी लाख वाती वळायची. मांडीवर कापूस, बोटाला किंचित दूध, आणि त्या नादात सगळ्या सुनांचा निकाल. त्यांना कुणी फिजेट टॉय दिलं असतं तर त्यांनी ते कातरलं असतं किंवा त्याच्या वाती केल्या असत्या.

नानांची एक गोष्ट मात्र मी त्यांच्या तोंडावर कधी बोलत नाही, कारण बोललो तर ते वहीतलं ते पान फाडून टाकतील. आमच्या शेजारच्या जिन्यात एक आजी आहेत. नव्वदीच्या उंबरठ्यावर, स्मरण गेलेलं, दिवसभर पदराचं टोक चुरगळत बसायच्या. पदराच्या चिंध्या व्हायच्या. ब्रिटनमधल्या इस्पितळांत अशा रुग्णांसाठी लोकरीचा दोन्ही बाजूंनी उघडा मोजा विणतात. हात आत घालून बसायचं, आत-बाहेर बटणं, फिती, काहीबाही शिवलेलं, बोटांना चाळा. नानांनी तसा विणला. चार बटणं, एक जुनी किल्ली, पैंजणाचा तुकडा. सगळं दुहेरी दोऱ्याने इतकं घट्ट, की ओढून पाहताना त्यांचंच नख तुटलं.

आजींनी किल्लीकडे पाहिलंही नाही. त्यांनी कडेचं टोक शोधलं आणि ओढलं. संध्याकाळपर्यंत बटणांच्या पुढची अर्धी बाही उसवून मांडीवर लोकरीचा ढीग. सूनबाई ओशाळून मोजा परत द्यायला आल्या. नाना तो घेऊन गॅलरीत बसले आणि रात्री बाही पुन्हा विणली. दुसऱ्या दिवशी आजींनी पुन्हा उसवली. आता गेले आठ महिने हे रोज चाललंय. आजी दिवसा उसवतात, नाना रात्री विणतात. उसवलेली लोकर कुरळी होते, ती ते आधी वाफेवर धरून सरळ करतात. एका फेरीमागे 'का थांबलात' म्हणून माझ्यावर उखडणारा माणूस! मी एकदा चोरून वही पाहिली. तारीखवार एकच नोंद होती: 'उसवण, मान्य.'

आता सभेचं सांगतो.

सोसायटीची वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची म्हणजे रणधुमाळीच. आदल्या वर्षी पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीवर पावणेतीन तास भांडण झालं होतं आणि नाना बिलं फडकावत असे काही लढले होते, की घरी जाताना दहा वर्षांनी लहान दिसत होते. या वर्षी त्यांनी दोन महिने तयारी केली. दोन फायली, पानांना चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या, संभाव्य आक्षेप चौदा, त्यांची उत्तरं पोटकलमांसकट. त्याच सभेत देखभालीचे महिना तीनशे रुपये वाढवायचे होते, म्हणजे दंगल अटळ. आणि सभेला येताना कुणाचं डोकं तापू नये म्हणून सहीच्या रजिस्टरशेजारी नानांनीच टोपली ठेवली. ज्यांच्याकडे अजून नसेल त्यांनी एकेक अळी घ्यावी.

सभा बावीस मिनिटांत संपली.

नाना हिशेब वाचत होते आणि चोवीस बिऱ्हाडांची माणसं माना खाली घालून वळ्या सोडवत होती. 'कुणाची हरकत?' नानांनी विचारलं. कुणाची नव्हती. 'पान सात बघा. पंपाचा खर्च दुप्पट झालाय.' शांतता. 'दुप्पट!' नाना ओरडले. टिकटिकवाले गृहस्थ, ज्यांनी गेल्या वर्षी खुर्ची उचलली होती, ते निळी अळी बोटाला गुंडाळत म्हणाले, 'ठीकच असेल हो नाना. तुम्ही बघितलंय ना?' तीनशेची वाढ एकमताने मंजूर झाली. चहा मात्र उकळायचा राहिला होता, कारण चहावाल्याला दोन तासांनंतरची वेळ दिलेली होती.

नाना रिकाम्या खुर्च्यांमध्ये फाइल मांडीवर घेऊन बसून राहिले. मी जवळ गेलो.

'अठ्ठावीस रुपयांची चूक होती,' ते खालच्या आवाजात म्हणाले. 'पान नऊ. मुद्दाम ठेवली होती. म्हटलं, बघू कोण पकडतंय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात नाना, हातात कापडी पिशवी आणि वही. पिशवीतून पिवळ्या, निळ्या, हिरव्या शेपट्या लोंबत होत्या.

'अळी द्या. दुरुस्तीला न्यायच्यात सगळ्या. पीळ ढिला पडलाय.'

'अहो, ती हरवली,' मी म्हटलं. 'सभेतच पडली बहुतेक.'

नानांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली वाकून माझ्या उजव्या पायाकडे बघत राहिले. पाय जमिनीवर स्थिर होता.

'खिशात आहे,' नाना म्हणाले आणि वहीत माझ्या नावापुढे हिरवी खूण केली.