आधी तू मार

स्नॉरलॅक्सवाल्याच्या डावाची सुरुवात मार खाण्याने होते. समोरच्याने पूर्ण ताकदीनिशी फटका हाणला, पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर खाली आली, पिवळी झाली आणि थांबली, की हा खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "बस? एवढंच?" त्यानंतर त्याची पाळी येते. पोकेमॉनच्या लढाईत ज्याचा वेग जास्त, तो आधी मारतो. स्नॉरलॅक्सचा मूळ वेग आहे 30, त्यामुळे ही पाळी बहुतेकदा नंतरच येते. त्याची तक्रार नसते. आधी मारणाऱ्यांविषयी त्याच्या मनात एक प्रकारची कीव आहे. अलाकाझाम घेऊन खेळणारी मुलं त्याला अल्लड वाटतात. वेग 120, विशेष माऱ्याची ताकद 135, पण बचाव 45 आणि अंगात जीव 55. "एक लागला की आडवा. असल्याच्या भरवशावर काय लढायचं?" हे तो कुणी न विचारता सांगतो.

ज्यांनी लहानपणी कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहिलंय त्यांना स्नॉरलॅक्स आठवत असेल. 1996 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळापासून तो आहे. तिथे त्याचं नाव काबिगॉन. उंची दोन मीटरच्या वर, वजन 460 किलो, दिवसाचा खुराक 400 किलो. खेळात तो पहिल्यांदा भेटतो तो रस्त्यावर आडवा पसरलेला, आणि खास बासरी वाजवल्याशिवाय उठत नाही. कुंभकर्ण आठवणारच. पण कुंभकर्णाला निदान युद्धासाठी जागं करावं लागलं. स्नॉरलॅक्स 'रेस्ट' नावाची चाल खेळून भर लढाईत दोन टर्न झोपतो, सगळा जीव भरून घेतो, आणि 'स्लीप टॉक' शिकवलेली असेल तर घोरता घोरता मारतोही.

ही झोप आमच्या स्नॉरलॅक्सवाल्याच्या घरात वादाचा विषय आहे. रात्री एक वाजता त्याची आई पाणी प्यायला उठली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, तो झोपलाय ना? मग तू कशाला जागतोस?" यावर त्याने तिला स्लीप टॉक समजावून सांगायला घेतलं. तिने दिवा बंद केला.

आपल्या वाचकाला वाटेल, हा तर नुसता चिवट माणूस, समोरच्याला कंटाळवून जिंकणारा. तसं त्याच्या तोंडावर कधी म्हणू नका. कंटाळवणाऱ्यांची जात वेगळी. ते चॅन्सी घेतात, जिचा जीव 250 आणि हल्ला फक्त 5. ते विष पाजतात आणि समोरचा झिजून मरेपर्यंत बसून राहतात. या पद्धतीला खेळाडू 'स्टॉल' म्हणतात. एकदा एका मित्राने सहज म्हटलं, "तू पण स्टॉलच खेळतोस की." त्यावर जे झालं ते स्नॉरलॅक्सने सहन केलं असतं, मित्राला झेपलं नाही. "हल्ला 110 आहे त्याचा! एकशे दहा! मी अटॅकर आहे!" पुढचे दोन आठवडे त्याने हट्टाने 'असॉल्ट व्हेस्ट' घालून खेळ केला. 2013 च्या एक्स-वाय खेळांत आलेलं हे जाकीट घातलं की विशेष माऱ्यापासूनचा बचाव दीडपट होतो, पण मारण्याशिवाय दुसरी कुठलीच चाल खेळता येत नाही. झोपता येत नाही, अंग फुगवता येत नाही. दोन आठवड्यांत त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. मग जाकीट उतरलं. "सिद्ध करायचं होतं ते झालं," म्हणाला.

मला विचाराल तर हे कधीच सिद्ध होणार नाही, आणि त्याची सारी गंमत तिथेच आहे. त्याला लागण्याची भयंकर भीती आहे आणि भित्रा म्हणवून घेण्याची त्याहून जास्त. म्हणून त्याने असा गडी शोधला जो मार झेलतोही आणि मारतोही, आणि आता या दोन्हींचा मेळ बसवण्यात त्याचं तारुण्य चाललंय.

मेळ बसवायचा म्हणजे हिशोब. 2002 च्या रूबी-सफायरपासून प्रत्येक प्राण्याला कमावायला मिळतात जास्तीत जास्त 510 गुण. त्यातले एका खात्यात आता 252 च्या वर टाकता येत नाहीत. शंभराव्या लेव्हलला चार गुण टाकले की अंगात एक आकडा वाढतो. घाईची मंडळी हल्ल्यात 252, वेगात 252 टाकून मोकळी होतात. स्नॉरलॅक्सवाला मात्र पगाराच्या दिवशी पाकिटं करणाऱ्या गृहिणीसारखा बसतो. इतके जीवात, इतके बचावात, इतके विशेष बचावात, आणि काहीतरी हल्ल्यात टाकायलाच हवं, नाहीतर पुन्हा कुणी स्टॉल म्हणेल. शेवटी चार गुण उरतात. या चार गुणांवर त्याने जेवण थंड केलेलं मी पाहिलंय.

हिशोबाचं त्याचं लाडकं यंत्र म्हणजे डॅमेज कॅल्क्युलेटर. कुठल्या प्राण्याने कुठला फटका मारला तर किती जीव जाईल, हे तो खेळाआधी काढून ठेवतो. अडचण अशी की फटका दर वेळी सारखा बसत नाही. 85 ते 100 टक्के अशा सोळा पायऱ्यांपैकी कुठल्याही पायरीवर तो पडू शकतो. "सोळातल्या पंधरा वेळा वाचतो," हे वाक्य तो ज्या समाधानाने उच्चारतो त्या समाधानाने लोक घराचं कर्ज फिटल्याचं सांगतात. आणि सोळावी पायरी पडली, की त्याचा विश्वास उडतो तो गणितावरून नव्हे, खेळ बनवणाऱ्यांवरून.

सोळाव्या पायरीहून मोठा शत्रू म्हणजे क्रिट. 'कर्स' ही चाल खेळली की स्नॉरलॅक्सचा हल्ला आणि बचाव वाढतो, वेग कमी होतो. वेगाचं दुःख आधीच नाही, त्यामुळे तो सहा-सहा वेळा कर्स मारत बसतो, बचाव चौपट करतो. आणि मग कुणाचा तरी साधा फटका क्रिट होतो. चोवीसात एकदा होणारा हा फटका दीडपट लागतो, वर वाढवलेला बचाव जमेलाच धरत नाही. सहा टर्नची कमाई बाजूला ठेवून सरळ अंगावर. त्याचे झालेले क्रिट त्याला आठवत नाहीत. लागलेले सगळे तारखेनिशी पाठ आहेत.

त्यातल्या त्यात अपमानास्पद म्हणजे स्कारमोरी. हा लोखंडी पंखांचा पक्षी, वजन साडेपन्नास किलो. स्नॉरलॅक्सने पाच टर्न खर्चून अंग फुगवलं, आता हाणणार, तेवढ्यात हा पंख फडफडवून 'व्हर्लविंड' मारतो आणि 460 किलोचा देह मैदानाबाहेर उडून जातो. परत येतो तेव्हा सगळी वाढ शून्य. यावर तो काही बोलत नाही, फक्त पंखा बंद करतो.

2022 च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये आयर्न हँड्स आला: जीव 154, हल्ला 140. त्याने आयुष्यभर मागितलेला गडी. त्याने तो एकदा हाताळला आणि सोडून दिला. दुहेरी सामन्यांत जो तो तेच घेऊन यायला लागला, आणि सगळेच मार झेलू लागले तर याने झेलण्यात विशेष ते काय?

त्यापेक्षा तो मागे गेला, 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरकडे. तिथे स्नॉरलॅक्स राजा आहे. शोडाउन या सिम्युलेटरवर ते जुने नियम अजून खेळता येतात. त्या खेळात 510 ची मर्यादाच नाही, सगळी खाती भरलेली. पाकिटं करायची गरज संपली, आणि तो थोडा बावरलाही. परवा रात्री त्याच्यासमोर दुसरा स्नॉरलॅक्सवाला बसला. दोघांचे बाकीचे गडी संपले, उरले दोन स्नॉरलॅक्स. दोघांचा जीव 523, वेग सारखाच, दोघांनी सहा-सहा कर्स मारलेले. कुणी आधी मारायचं हेसुद्धा नशिबावर. एक मारतो, दुसरा झोपतो. दुसरा उठतो, पहिला झोपतो. दर टर्नला 'लेफ्टओव्हर्स' खाऊन सोळावा हिस्सा भरून येतो. मी चहा करून आणला, तो निवला. शेवटी समोरच्याचा एक फटका क्रिट झाला. त्या जुन्या नियमांत तो दुप्पट लागतो. आमचा पडला.

त्याने लगेच लढाईची नोंद वर सरकवून तपासली. त्याचे स्वतःचे क्रिट निघाले तीन.

"तीन?" मी म्हटलं. "त्याचा तर एकच."

"हो, पण माझे तिन्ही तो झोपायच्या आधी आले," तो म्हणाला. "सगळे भरून काढले नालायकाने. हा काय खेळ झाला? निव्वळ स्टॉल!"