आधी सिंदेवाहीला या, मग देश मोजा

प्रति,
वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मार्जारांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय बिग कॅट अलायन्समध्ये नवे देश दाखल करून घेणाऱ्यांना,

९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला तुमची घोषणा झाली आणि २३ जानेवारी २०२५ ला तुमच्या स्थापनेचा करार लागू झाला. पहिले पाच सदस्य निकाराग्वा, इस्वातिनी, सोमालिया, लायबेरिया आणि भारत. यातल्या चौघांच्या रानात वाघ नाही. सिंह, बिबट्या, जग्वार यांच्यासाठी ते आले, त्यांचं स्वागतच आहे. पण वाघाच्या शेजाराला राहणाऱ्या आमच्या गावांना त्या टेबलाशी कुठली खुर्ची आहे? तुमच्याकडे देश सदस्य होतो. गाव होत नाही.

करार लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाने मारल्या. पहाटे रानात शिरायचं, झुडपापुढे वाकून पान खुडायचं, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी खरेदीच्या फडीवर नेऊन मोजून द्यायचे, असं हे काम. वाकलेल्या माणसावर वाघ चालून येतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्याआधी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या ‘सीटी-१’ वाघाने १३ जीव घेतले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला. माणूस गेला की सरकार २५ लाख देतं. तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरातलं कुणीतरी पुन्हा पानालाच जातं, कारण त्या दिवसांत हाती रोकड देणारं दुसरं काम नाही.

तुमच्यासाठी केंद्राने पाच वर्षांना १५० कोटी मंजूर केले. सदस्यांचा आकडा वाढला की तुमची छाती फुगते. सही घेण्याआधी त्या देशाला एवढं तरी विचारा, की जंगलकाठच्या माणसाला वाघ-सिंहापासून वाचवायला तुम्ही काय केलं?

विचारायचं कसं, ते गडचिरोलीत शिका. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे सगळ्यांची संमती झाल्याशिवाय ग्रामसभेत निर्णय होत नाही.

पुढचा देश आत घेण्याआधी एक बैठक मे महिन्यात सिंदेवाहीला लावा. पानं तोडणाऱ्या बायांना आधी बोलू द्या आणि त्या जे सांगतील ते सदस्यत्वाच्या अटींमध्ये लिहून घ्या.

— झाडीपट्टीतला एक रहिवासी