गाडी जागेवर, मालक प्रवासात

धाराशिव जिल्ह्यात जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप नव्याने उभी करणे हा प्रवासाचाच एक प्रकार मानावा लागतो. यात गाडी हलत नाही, मालक हलतो. गाडी बाभळीखाली विटांवर चढवलेली असते आणि मालक एसटीने सोलापूर, रेल्वेने पुणे आणि ग्रह फारच वाकडे असतील तर थेट पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली अशी यात्रा करत असतो. डबवाली हे जुन्या जीपांचे माहेर. तिथे जाऊन रिकाम्या हाताने परतलेला जीपवेडा अजून दिसायचा आहे.

गाडी घेण्याआधी कूळ पाहतात. इथल्या बहुतेक जीपांचे मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीत सापडते. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, आधी अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. भागीदारी सोडून एवढी बढती मिळवलेला माणूस वाहनधंद्यात दुसरा नसावा. १९४८ मध्ये पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आले आणि मुंबईच्या माझगावात विलीज जीपा जुळू लागल्या. त्यांतली उंच बोनेटची सीजे-३बी पोलिसांपासून बीडीओपर्यंत सगळ्यांनी दामटली. स्टिअरिंग डावीकडे असे, म्हणून मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे ठळक रंगवावे लागे.

खरी दुर्मीळ ती एफसी-१५० पिकअप. अमेरिकेत ती १९५६ च्या अखेरीस अवतरली आणि साठच्या दशकात महिंद्रच्या कारखान्यातूनही निघू लागली. तिला नाक नाही. चालक पुढच्या चाकांवर बसतो आणि २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच्या व शेजाऱ्याच्या मध्ये पत्र्याच्या खोक्याखाली बसते. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये या खोक्याला मांडी टेकवून बसलेला शेजारी परतीला आपखुशीने हौद्यात बसतो. हौदा रिकामा असताना वजन पुढे झुकते, त्यामुळे ब्रेक जोरात मारला की गाडी मान खाली घालते.

जुनी जीप घेताना फसणे याला आपल्याकडे सरकारी परंपरा आहे. १९४८ मध्ये लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांनी, म्हणजे कृष्ण मेनन यांनी, लष्करासाठी दुरुस्त केलेल्या २००० जीपांचा सौदा केला. पैसे बरेचसे आगाऊ गेले, जीपा आल्या १५५, आणि त्या पाहून लष्कराने कपाळाला हात लावला. तेव्हा ‘इंजिन टकाटक, फक्त बॅटरी टाका’ या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्या एखाद्या कळंबकराला हसण्यात अर्थ नाही.

गाडी दारात आली की मिस्त्री येतो. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, पाट्यांवर लाथ घालतो आणि म्हणतो, “होऊन जातंय की मालक, आठ दिसांत.” कोणते आठ दिवस, हे त्याने सांगायचे नसते आणि मालकाने विचारायचे नसते. पहिले काम चाके काढण्याचे. जुन्या विलीज घडणीत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला पोऱ्या पान्याला लोखंडी पाइप जोडतो, त्यावर उभा राहतो, दोनदा उडी मारतो आणि नट होता तिथेच आणखी घट्ट बसतो. तिसऱ्या उडीला बोल्ट तुटतो. मग मिस्त्री शांतपणे विचारतो, “एल दिसला नव्हता का रं?” बोल्टाच्या टोकावर तो एल कोरलेला असतो, साठ वर्षांच्या ग्रीसखाली.

इंजिन खोलल्यावर प्रवासाला खरी सुरुवात होते. क्रँकचे जर्नल लेथवाल्याकडून घासून घ्यायचे आणि जेवढे घासले तेवढ्या जाड बेअरिंगा शोधायच्या. क्रँकशाफ्ट गोणपाटात गुंडाळून एसटीत सीटखाली सरकवतात. कंडक्टर पायाने अंदाज घेतो, लगेजचे तिकीट फाडतो आणि पुढे प्रवासभर त्या गाठोड्याकडे संशयाने पाहतो. बेअरिंगा सोलापुरात मिळाल्या नाहीत तर पुण्याचा जुना बाजार, तोही बुधवार किंवा रविवार गाठून. इकडे गावात पत्र्याचे काम चालू असते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे हा एक मार्ग आणि भोकांत लांबी भरून वर रंग मारणे हा दुसरा. दुसरा स्वस्त, पहिल्या पावसापर्यंत टिकतो.

मग कागद. चासीवर कागद धरून वर पेन्सिल घासून नंबर उमटवायचा असतो, आणि तो नेमका गंजाच्या जागी असतो. आरसी बुकात उस्मानाबाद, कार्यालयाच्या पाटीवर धाराशिव. दोन्हीकडे एमएच-२५ तेवढे कायम. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. फी २० हजार, मुदत दहा वर्षे. बदल्यात ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दुरुस्तीची सवलत असल्याने व्यवहारात अडचण येत नाही.

चाचणीची वाट ठरलेली: तुळजापूरला लिंबू-नारळ, तिथून नळदुर्ग. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले होते. दुरुस्त पिकअपला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. वाटेत कोणीतरी हौसेने डांबरावरच पुढची चाके जोडतो. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही, टायर घासतात आणि लिव्हर अडकते. ती सुटेपर्यंत गाडी रिव्हर्स घ्यावी लागते. फोर-व्हीलचा गिअर खरा कामाचा पावसाळ्यातल्या काळ्या रानात, आणि तिथेही चिखल टायरच्या नक्षीत भरला की चारही चाके समभावाने जागेवर फिरतात.

नळदुर्गला बोरी नदी अडवून किल्ल्यात पाणीमहाल बांधला आहे. सांडव्यावरून नर-मादी धबधबे पडतात. लोक ते पाहायला येतात, पण पिकअप उभी राहिली की आधी तिच्याभोवती जमतात. पटक्यातला एखादा शेतकरी हौदा हाताने चाचपतो.

“किती कट्टे बसतेत सोयाबीनचे?”

मालक सांगतो की माल वाहायची परवानगी नाही, गाडी फक्त प्रदर्शनाची आहे. शेतकरी नवाकोरा फाळका दोनदा उघडझाप करून पाहतो.

“मग ह्यो कशाला बसवला?”